म्हाताऱ्या रानाचे यजमान

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकाही पाहुण्याला सरळ घरात घेतलं नाही. पाहुणा सोयरा असो, सरकारी असो, नाहीतर बैल पाहायला आलेला व्यापारी असो. त्याने आधी रान पाहायचं आणि मग ओसरीवर टेकायचं, हा त्यांच्या घरचा कायदा होता. तळेगावला एसटीतून उतरून बैलगाडीने आत गेलं की दोन टेकड्यांच्या पायथ्याशी त्यांचं गाव लागायचं. गावामागे, त्या टेकड्यांच्या मधल्या खोऱ्यात, ते रान होतं. मालगुजारीच्या काळापासून तिथे कुऱ्हाड चाललेली नव्हती. आजूबाजूची जंगलं तुटली, वाढली, पुन्हा तुटली. हे तेवढं उभं राहिलं. गावचे लोक त्याला 'म्हातारं रान' म्हणत. त्या रानातलं एक पानही माझ्या सासऱ्यांच्या मालकीचं नव्हतं. रान सरकारचं, राखायला सरकारचा गार्ड. पण रानाचा अभिमान मात्र सगळाच्या सगळा मामाजींनी आपल्याकडे घेऊन ठेवला होता. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, आणि मीही त्यांना तसंच म्हणे.

रानात पाहुणा न्यायचा म्हणजे मामाजी आधी कपडे बदलत. शेतात मळका सदरा आणि गुडघ्याएवढं धोतर चालायचं. रानात मात्र धुतलेलं धोतर, पांढरीशुभ्र टोपी आणि स्वतःच्या लग्नातला काळा कोट. त्या कोटाची बटणं पोटावर येऊन एकमेकांना भेटायची केव्हाच बंद झाली होती, तरी भर वैशाखातसुद्धा कोट हवाच. एकदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "जवाईबापू, मोठ्या मानसाकडं जाच्या वक्ती मयकी टोपी घालून जाते का कोनी?" रानाच्या तोंडाशी एक जुना ऐन होता, साल अगदी मगरीच्या पाठीसारखी. त्याच्यापाशी थांबून ते टोपी सारखी करत आणि पाहुण्याची त्या झाडाशी ओळख करून देत. "हे आर्वीचे. जिनिंगात कामाले हाय. मानूस चांगला हाय, फक्त तंबाखू लय खाते." बिचारा पाहुणा ऐनाला नमस्कार करावा की नाही या विचारात पडायचा. बरेच जण करून टाकत.

आणि वाटेबद्दल विचाराल, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "सोप्पं हाय. लहान पोट्टंबी चालते." खरी गोष्ट अशी होती की त्या वाटेवर गोटे होते, बोरीचे काटे होते, मध्ये एक नाला होता आणि नाल्याच्या काठावरून घसरायची सोय दोन्ही बाजूंनी होती. पण मामाजींना यातलं काही दिसतच नसे. त्यांची नजर कायम वर, झाडांच्या शेंड्यांकडे. पाहुणा मागे धडपडला की ते मान न वळवता म्हणत, "हा धावडा पाहा, धावडा!"

मी हे अनुभवाने सांगतो. सत्तरच्या दशकात, माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा, मी, माझी आई आणि माझे काका वर्ध्याहून मुलगी पाहायला निघालो. मामाजी गाडी घेऊन तळेगावला हजर. गाव दिसायला लागलं तशी मी केसांवरून हात फिरवला, तर गाडी घराकडे वळायच्या ऐवजी खोऱ्याकडे वळली. "पयले रान पाहून घेऊ," मामाजी म्हणाले, "मंग पोट्टी हायच." आई गाडीतच बसून राहिली. ती म्हणाली, "आम्ही पोट्टी पाहाले आलो का झाडं? मले नाई जमत काट्याकुट्यात." ती तिथून हलली नाही. काका भिडेखातर उतरले आणि त्यांची नवी चप्पल नाल्याच्या चिखलात रुतली ती रुतलीच. मुलीचा बाप मला हात धरून एकेका सागापाशी उभा करत होता आणि विचारत होता, "कसा वाटते?" मुलीबद्दल असा प्रश्न मला त्या दिवशी कोणीच विचारला नाही. तिकडे घरी सासूबाई पोहे पुन्हा पुन्हा गरम करून थकल्या. पुढे बायकोने सांगितलं, "तुम्ही आत आलात तेव्हा तुमच्या कॉलरमध्ये पळसाचं पान अडकलं होतं. मला वाटलं, वर्ध्याला आजकाल अशी पद्धत असेल."

मामाजींच्या या कायद्यातून कोणी सुटलं नाही. एका निवडणुकीत एक उमेदवार जीप घेऊन मतं मागायला आले. पारावर लोक जमले, लाउडस्पीकर लागला, आणि उमेदवार गायब. मामाजी त्यांना रानात घेऊन गेले होते. ते परत आले तेव्हा सभा उठून गेली होती, खादीच्या धोतराला कुसळं लागली होती आणि पुढच्या गावाला उशीर झाला होता. भाषण राहिलं म्हणून कार्यकर्ते चिडले, तर मामाजी म्हणाले, "भाषन कोनीबी देते. यायनं रान पाह्यलं. मत यायलेच." दुसऱ्या वेळी लाकडाच्या ठेकेदाराचा एक माणूस आला. सगळ्यात जुन्या सागाखाली उभा राहून त्याने डोळे बारीक केले आणि विचारलं, "पाटील, किती लाकूड निघेल याचं?" मामाजींनी त्याला आपादमस्तक पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "तुमचं वजन किती हाय?" तो गोंधळला. "काऊन?" "काई नाई. मीबी अंदाज घेऊन राह्यलो." त्या माणसाने पुन्हा त्या गावात पाऊल ठेवलं नाही.

फक्त एक व्यक्ती अशी होती जिने वर्षानुवर्षं हे रान पाहिलं नाही, आणि ती माझी आई. लग्नानंतर कितीदा जाणं झालं. दर वेळी मामाजी कोट घालून उभे, आणि दर वेळी आई ओसरीवर मांडी घालून बसलेली. विहिणीचा मान म्हणून त्यांना जोर करता येईना. वर्ध्याला आमच्या पिपरी मेघेच्या घरी परत आलं की आई म्हणायची, "त्यायचं रान त्यायलेच लखलाभ." माझे वडील लवकर गेले. आईने शिवणकाम करून मला शिकवलं, आणि त्या मशीनपाशी बसून तिची सगळी उमर गेली. झाडाखाली नुसतं फिरायला जाणं म्हणजे तिच्या लेखी बिनकामाच्या लोकांचा उद्योग होता.

मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आई न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता यांना चालवा. पण आई चालेना. हाडापेक्षा भीती मोठी झाली होती. काठी आणून दिली, ती कोपऱ्यात उभी राहिली. खिडकीपाशी खाट, खाटेवर आई, आणि दारापर्यंत चल म्हटलं की डोळ्यांत पाणी. जिने आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, ती पाणी प्यायलासुद्धा हाक मारू लागली. मी रागावून पाहिलं, बायकोने समजावून पाहिलं. महिने गेले. डॉक्टर म्हणाले, असंच बसून राहिल्या तर पुढे उठता येणारच नाही.

त्या दिवसांत मामाजी संत्र्यांचं पोतं घेऊन भेटायला आले. खाटेसमोर स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि तब्येत विचारायच्या आधीच म्हणाले, "इहीनबाई, संक्रांतीले रान पाहाले याचं हाय."

आई पहिल्यांदाच चिडून उठून बसली. "मी न्हाणीपर्यंत जात नाई, अन रानात येऊ?"

"सोप्पं हाय."

"तुमचं सोप्पं मले माहीत आहे. माझ्या दिराची चप्पल अजून तुमच्या नाल्यात आहे."

 मामाजींनी चहा घेतला, टोपी डोक्यावर ठेवली आणि दुपारच्या एसटीने निघून गेले. जाताना रानाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, दुखावले. नंतर कळलं की एसटीत बसल्या बसल्या त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपली वाट तिच्यातल्या गोट्याकाट्यांसकट दिसायला लागली होती.

दिवाळीनंतर माझा साळा काही कामाने वर्ध्याला आला आणि दारातूनच म्हणाला, "भाऊजी, बाबा पागल झाले." मामाजी दिवसभर रानातच राहत होते. गडी कापसात गुंतलेले, म्हणून स्वतः पहार घेऊन गोटे उपटत होते. वावरातला मुरूम गाडीत भरून नेत आणि खड्डे बुजवून चोपत. नाल्यात सपाट दगड मांडून, वरून उड्या मारून पाहत. बसायला म्हणून जागोजागी ओटे घातले होते. मात्र एक फांदी तोडली नाही. झाडाची एखादी मुळी आडवी आली की वाट तिला वळसा घालून जाई. फॉरेस्टचा गार्ड आला आणि म्हणाला, "मामा, रिझर्वमध्ये रस्ता करता येत नाई."

"रस्ता कोन करून राह्यला? गोटे बाजूले ठेवून राह्यलो. तुमचे गोटे तुमच्याच रानात हाय. मोजून घ्या."

"अन हा मुरूम?"

"हा माह्या वावरातला. सरकारले आहेर."

गार्डने कपाळाला हात लावला. फांदी तुटली तर मी आहेच, एवढं बजावून तो गेला, आणि पुढे त्या बाजूला गस्तीवर येणं त्याने सोयीस्करपणे कमी केलं.

पण गावात खरी बोंब उठली ती वेगळ्याच गोष्टीमुळे. वाट सोपी झाली की नाही हे कळणार कसं? मामाजींचे दोन्ही पाय ठणठणीत. म्हणून त्यांनी आपल्या उजव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत बांबूच्या कामट्या बांधल्या, म्हणजे गुडघा वाकणार नाही, आणि हातात काठी घेऊन रोज सकाळी त्या वाटेवरून लंगडत जाऊ लागले. जिथे अडखळतील तिथे बसून वाट पुन्हा नीट करायची. रानात जाणाऱ्या बायकांनी पाहिलं आणि गावभर झालं की पाटलांचा पाय गेला. कोणी अस्वलाच्या चरबीचं तेल आणून दिलं, कोणी आर्वीच्या वैद्याचं नाव सांगितलं. मामाजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, तेलही ठेवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी कामट्या बांधून पुन्हा निघाले.

साळा हे सांगत असताना आई खाटेवरून ऐकत होती. मला वाटलं हसेल. ती लालबुंद झाली. "माझी नक्कल करून राह्यले काय ते? साऱ्या गावात माझ्या लंगडेपनाचा तमाशा?" तिला मी समजावलं, बायकोने शपथा घातल्या, पण ती ऐकेना. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिने स्वतः लुगडं नेसलं आणि कोपऱ्यातली काठी मागितली. "चल. मले इवायाशी, तुझ्या सासऱ्याशी, दोन शब्द बोलाचे आहेत."

आईला भांडायला न्यायचं म्हणून का होईना, आम्ही जीप ठरवली. तळेगावच्या पुढे जीपचे हादरे नकोत म्हणून बैलगाडी केली आणि तीत गादी घातली. गाडी घरापाशी आली तर मामाजी कोट घालून उभेच. आईने गाडीतूनच सुरुवात केली. "काऊन जी, खाटेवर पडलेल्या बाईची तुमच्या लेखी हीच इज्जत?" मामाजींनी हात जोडले. "बोला इहीनबाई. तुमचा हक हाय. पन चालता चालता बोला, गावात लोक आयकतात." गावात ऐकतात हे आईला पटलं. ती उतरली आणि काठी टेकत, बोलत निघाली. एका बाजूला मी, मागे बायको, पुढे मामाजी, उलटे, आईकडे तोंड करून चालणारे. लग्नात मानपान कमी झाला होता, तिथपासून तिने काढलं. बारशाला कुंची कोणत्या कापडाची आणली तेही काढलं. ऐन मागे पडला, मामाजी ओळख करून द्यायचं विसरले. नाल्यातले दगड ओलांडताना आईने "अन दुसरी गोष्ट" असं म्हणून पाय उचलला आणि ती गोष्ट पलीकडच्या काठावर पोहोचेपर्यंत पुरली. मला तिच्याकडे पाहायचं धाडस होईना. जणू पाहिलं तर तिला आठवेल की आपल्याला चालता येत नाही.

मग मधल्या मोकळ्या जागेत ती थांबली. तिथे जुने साग आहेत, त्यांच्या बुंध्यांना चार माणसांनी हात धरून वेढा घातला तरी पुरत नाही. त्यांच्या मध्ये एक कुसुमाचं झाड, एक प्रचंड मोह. वर कुठेतरी हरियल पक्षी बोलत होते. ऊन इतक्या उंचावरून खाली येत होतं की जमिनीवर येईपर्यंत मऊ झालं होतं. आईचं वाक्य अर्ध्यात तुटलं. तिने मान वर केली, पदर डोक्यावरून घसरला आणि तिने तो सावरला नाही.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "हे सारं तुम्ही लावलं?"

"नाई इहीनबाई. माह्या आज्याच्या आज्याच्याबी आगुदरचं हाय."

"मग एवढी मिजास कशाची?"

मामाजींनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "हे झाडं कुठंबी राहू शकले असते. आपल्या गावापाशी राह्यले, त्याची."

 आई जवळच्या सागाच्या बुंध्यावर हात ठेवून उभी राहिली. आणि मग तिने मागे वळून वाट पाहिली. आपण किती आत आलो हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा पांढरा पडला, तिने काठी दोन्ही हातांनी धरली. "मले उचलून न्या," ती म्हणाली, "मी नाई जाऊ शकत." मी पुढे झालो, तर मामाजींनी मला हाताने अडवलं. त्यांचा स्वतःचा चेहराही उतरला होता. घाम फुटला होता, भर पौषात. ते आईसमोर आले आणि इतक्या हळू बोलले की त्यांचाच आवाज आहे असं वाटेना. "इहीनबाई, जितकी वाट आली तितकीच वापस जाते. एकबी गोटा जास्त नाई. मी पायाले बांधून पाह्यलं हाय."

आई ओट्यावर बसली. पाणी प्यायली.  मग ती कोणाचा हात न घेता उठली आणि चालायला लागली. परतताना भांडण नव्हतं. थोडं गेल्यावर तिने काठीने एका झाडाकडे दाखवून विचारलं, "हे कोनतं?" मामाजी सांगू लागले, आणि मग त्यांना कोण थांबवणार! घरी आल्यावर आईने माझ्या बायकोला हळूच सांगितलं, "वाट बरी आहे. नाल्यातला एक दगड हालते, म्हणावं. तेवढा बसवून घ्या." दुसऱ्या दिवशी तिळगुळाच्या आधी मामाजी तो दगड बसवून आले होते.

त्यानंतर आई चालू लागली. पिपरी मेघेच्या रस्त्याने रोज सकाळी, काठी टेकत, भाजीवाल्यांशी घासाघीस करत. आणि मामाजींनी त्या दिवसाची गोष्ट तळेगावच्या बाजारात जी सांगितली, ती दर आठवड्याला वाढत गेली. आधी आई 'चांगली चालली', मग 'भरभर चालली', आणि शेवटी शेवटी तर "इहीनबाई अशा निंगाल्या, का मले धोतर वर खोचून त्यायच्या मांगं पयाव लागलं." आई हे ऐकून डोळे वटारायची, पण कधी खोडलं नाही. हळूहळू गावातली म्हातारी माणसं त्या वाटेवर दिसू लागली. तरुणपणी लाकूडफाट्याला गेलेली आणि मग अंगणातल्या बाजेवर पडलेली ती माणसं पुन्हा रान पाहून आली. एकदा तो गार्डच आपल्या आंधळ्या वडिलांना हात धरून घेऊन आला. म्हातारा एकेका झाडाची साल चाचपत पुढे जात होता आणि मामाजी कोट घालून त्यांच्या मागे. मी कचेरीत या वाटेबद्दल बोलायला लागलो की सहकारी घड्याळाकडे पाहत. म्हणत, सासऱ्याची हवा जावयाला लागली. लागली होती खरी, आणि मला तिचा अभिमान होता.

दशक संपत आलं तसा मामाजींना दम लागायला लागला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी हृदय वाढलंय असं सांगितलं. मामाजी बाहेर येऊन म्हणाले, "दिल मोठं झालं म्हनते. एवढं सांगाले मशीन कायले लागते?" त्या थंडीत आई आणि मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा कोट घालायलासुद्धा त्यांना मदत लागली. दोघं रानात गेले, हळूहळू, मी मागे. एखाद्या झाडापाशी थांबून मामाजी बोलायला सुरुवात करत, "हा बिजा..." आणि श्वास पुरेना. मग आई पुढचं सांगून टाकायची, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच सुरात. इतक्या वर्षांत तिला सगळं पाठ झालं होतं. मामाजी मान डोलवत ऐकत होते, आणि एका जागी खुशीत येऊन म्हणाले, "पाहा जवाईबापू, रान कसं सांगते आमची इहीन!"

पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

मी अजूनही जातो. वाट चांगली आहे. दिवाळी झाली की गावातलं कोणी ना कोणी तिच्यावरचं गवत काढून टाकतं. साग, ऐन, मोह, सगळे आपापल्या जागी उभे आहेत. आत शिरलं की फार शांत वाटतं. लोक म्हणतात, रानात शांतताच हवी. असेल. मला तिची अजून सवय झालेली नाही.